मामेसासऱ्यांच्या कोंबड्यांचा खुराक

आमच्या मामेसासऱ्यांनी जेवढा छळ कोंबड्यांचा केला, तेवढा माणसांत फक्त माझा केला असेल. अलिबागच्या एका दवाखान्यात कंपाउंडरकी करून ते नागावला आपल्या वाडीत येऊन राहिले. नोकरी सुटली, पण औषधं ढवळायची खोड सुटली नाही. माणसं सुटली आणि कोंबड्या सापडल्या. साठ सालानंतरचे दिवस. सरकारी योजनेतून पांढरी विलायती पिल्लं गावोगाव येत होती. "खाद्यात योग्य ते मिसळलं की कोंबडी झटपट भरते," एवढं बोलून तालुक्याच्या ब्लॉक कचेरीतला कोणी साहेब जीपमध्ये बसून निघून गेला. योग्य ते म्हणजे काय, हे मामांनी स्वतःच ठरवलं.

निमित्त मात्र खरं होतं. मामी मोठ्या दुखण्यातून उठल्या होत्या आणि त्यांची अन्नावरची वासनाच गेली होती. डॉक्टरांनी सुकी मासळी बंद करून कोंबडीचा पातळ रस्सा सांगितला होता. वाटी जशीच्या तशी परत यायची. बाई दिवसेंदिवस वाळत चालली होती. यावर मामांचं निदान असं, की कोंबडीला स्वतःचंच खाणं नीट पचत नाही, तर तिचा रस्सा मामींना कसा पचावा? म्हणून आधी कोंबडीचं पोट सुधारायचं! कच्च्या पपईच्या चिकाने मटण शिजतं, तर दाणाही पचेल, म्हणून वाडीतली एकही पपई त्यांनी चिरा पाडल्याशिवाय सोडली नाही. त्यात नारळाच्या माडीच्या मडक्यातला आंबलेला, नशेचा गाळ, शिंपल्यांची पूड आणि ओंजळी-ओंजळीने सुक्या जवळ्याचं, म्हणजे वाळवलेल्या बारीक कोलंबीचं, कूट. पातळ मिश्रण बाटलीत भरून वर डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली! मी गेलो की कोंबडी धरायचं काम माझं. चिकाने तिला जुलाब व्हायचे ते माझ्या धोतरावर, आणि गाळ प्यालेला कोंबडा भर दुपारी आरवायचा. मी म्हटलं, "मामा, बिचाऱ्यांना नुसती तांदळाची कणी घाला." तर म्हणाले, "जावईबापू, तुमी शाळामास्तर. पोटातलं तुमाला काय कळतंय? पाचक हाय ते!"

शेवटी त्यातली एक कोंबडी शिजली. घरभर असा वास सुटला, की रेवदंड्याच्या बंदरावर मासळी वाळत घातलीय असं वाटावं. इतका जवळा खाल्ल्यावर दुसरं काय होणार? खोटं कशाला बोलू, मामांची फजिती बघायला मी मुद्दाम दाराशी उभा राहिलो. मामींनी वाटी नाकाशी नेली आणि थांबल्या.

"जवला घातलाय व्हय यात?"

"न्हाय गं. नुसती कोंबडी हाय," मामा घाबरून म्हणाले.

मामींनी वाटी रिकामी केली. "मग असलीच करा रोज. आणा अजून वाटीभर."

किती महिने ती बाई जवळ्यावाचून तळमळत होती, हे आम्हा शहाण्यांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मामा बाहेर आले, डोळे पुसले आणि माझ्यावरच डाफरले, "बघितलात पपईचा चीक?"

मामी पुढे सहा वर्षं जगल्या. त्या गेल्या त्याच आठवड्यात मामांनी कोंबड्या गावात वाटून टाकल्या आणि पुन्हा कधी बाटली ढवळली नाही. आता तेही नाहीत. त्यांची आठवण येते, हे कबूल करायला मला जड जातं. जन्मभर मी मुलांच्या चुकांवर लाल शाईने रेघा ओढत आलो. मामांची पपईची चूक मात्र मी शेवटपर्यंत तशीच राहू दिली, आणि त्याचं मला बरं वाटतं.