आवाज ऐकायला विष्णुपुरीला

लातूरच्या एका क्लासमध्ये मी रसायनशास्त्र शिकवत होते तेव्हाची ही गोष्ट. माझी मैत्रीण तिथंच गणित शिकवायची. आम्ही दोघी एका खोलीत भाड्यानं राहायचो. मी नांदेडची, ती औसा तालुक्यातल्या एका खेड्यातली. ते खेडं भूकंपात गेलं आणि नंतर थोड्या अंतरावर नव्यानं वसवलं गेलं. तिची आई आणि धाकटी बहीण घराच्या मातीच्या माळवदाखाली गाडल्या गेल्या. ती आणि तिचे वडील अंगणात झोपले होते म्हणून वाचले. तेव्हा ती शाळेत शिकत होती. हे तिनं मला एकदाच सांगितलं, पोळ्या लाटता लाटता, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

ती रडकी नव्हती. मोठ्यानं हसायची, ठेच्याशिवाय जेवायची नाही, आणि फळ्यावर इतक्या जोरात लिहायची की तासाला तीन-चार खडू मोडायचे. मुलं तिच्या तासाला पुढच्या बाकांसाठी भांडायची. फक्त एक गोष्ट होती. जमिनीतून येणारा जाड, घुमणारा आवाज तिला सोसत नव्हता. मोठा ट्रक गल्लीतून गेला तरी तिचा हात भिंतीकडं जायचा.

आणि लातुरात त्या वर्षांत दुसरं होतंच काय? प्रत्येक गल्लीत नवी बिल्डिंग उठत होती. खाली मेस, वर होस्टेल, त्याच्यावर क्लास. बाहेरगावची पोरं ट्रंका घेऊन उतरायची आणि त्यांच्यासाठी रातोरात मजले चढायचे. पाण्याची बोंब असल्यामुळं बोअरच्या गाड्या दिवसभर कुठं ना कुठं जमीन फोडत असायच्या.

अशीच एक बोअरची गाडी आमच्या क्लासच्या शेजारच्या प्लॉटवर लागली. तिचा तास चालू होता. मशीन सुरू झालं, बाकं थरथरली, आणि तिनं खडू ठेवला. कुणाला काही न बोलता ती जिना उतरली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या मोकळ्या मैदानात जाऊन उभी राहिली. पोरांना वाटलं भूकंपच झाला. निम्मा वर्ग तिच्यामागं धावला. जिन्यात एका मुलीचा पाय मुरगळला.

क्लासचे सर माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी तिला बोलावून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "मॅडम, जूनपासून आपण नव्या बिल्डिंगमध्ये जातोय. बारावीची मोठी बॅच तिसऱ्या मजल्यावर बसणार. तुम्हाला जमणार नसेल तर तळमजल्यावर आठवी-नववी घ्या. मी नावं ठेवणार नाही."

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

खोलीवर आल्यावर मी विचारलं, काय विचार केलास? चपला काढता काढता ती म्हणाली, "विचार काय करायचाय? बारावीची बॅच माझी हाय. तिसऱ्या मजल्यावर मीच शिकवणार."

"पण कसं?"

"ते बघू."

संक्रांतीच्या सुमारास माझा धाकटा भाऊ नांदेडहून आला. तो विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात होता. येताना त्यानं एक कॅसेट आणली. त्यानं आणि त्याच्या मेकॅनिकलच्या मित्रांनी मिळून काहीतरी वाजवलं होतं. याला इंडस्ट्रियल म्यूझिक म्हणतात, असं त्यानं आम्हाला समजावून सांगितलं. कारखान्यातले आवाज घ्यायचे, पत्रे, पिंपं, ग्राइंडर, आणि त्यांवर की-बोर्डचा ठेका लावायचा. त्यानं टेप लावला. मला तर पिठाच्या गिरणीत कुणी लोखंडी कपाट ओढत नेतंय असं वाटलं. मी हसणार होते, पण मैत्रिणीकडं लक्ष गेलं. तिचा चेहरा उतरला होता. तिनं हात लांब करून टेप बंद केला.

भाऊ ओशाळला. "ताई, चुकलं माझं. माझ्या ध्यानात राहिलं न्हाई."

मग तिनंच बटण दाबून तो पुन्हा चालू केला. जरा वेळ ऐकला आणि पुन्हा बंद केला. "कॅसेट राहू दे इथं," ती म्हणाली.

त्यानंतर रोज संध्याकाळी स्वयंपाकाच्या आधी ती टेपसमोर मांडी घालून बसायची. आधी अगदी थोडं ऐकायची. मग वाढवत गेली. कधी कपाळाला घाम यायचा, कधी मधेच उठून नळाखाली तोंड धुऊन यायची. मी म्हणायचे, कशाला बेजार होतेस? ती टेप मागं फिरवून पुन्हा लावायची. एक दिवस कॅसेटची पूर्ण बाजू ऐकून झाली तेव्हा ती म्हणाली, "टेपमध्ये आवाज लहान हाय. खरा ऐकायला मिळंल का?"

मी भावाला फोन लावला. त्यांच्या स्नेहसंमेलनात त्यांचाच कार्यक्रम होता, कॉलेजच्या वर्कशॉपात, संध्याकाळी उजेड असतानाच. हैदराबादहून मोठे स्पीकर यायचे होते. भाऊ तिला फोनवर म्हणाला, "ताई, ते स्पीकर लई जबर हायत. छाती हलते. तुम्ही नका येऊ."

"छाती हलली पाहिजे," ती म्हणाली. "येते मी."

त्या रात्री मी तिच्याशी वाद घातला. म्हटलं, तुला डॉक्टरकडं जायला पाहिजे, कॉलेजच्या पोरांच्या धिंगाण्यात काय ठेवलंय? तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे बघ. तो आवाज आला तेव्हा मी झोपेत होते. कुणी सांगितलं न्हाई की येणार हाय म्हणून. हा सांगून येणार हाय. कधी चालू होणार ते ठाऊक हाय, बंद कोण करणार ते ठाऊक हाय. मला एकदा उभं राहून ऐकू दे."



बसनं गेलो असतो तर चार-पाच तासांत आरामात पोचलो असतो. पण ती तिच्या जुन्या स्कूटरवरच जायचं म्हणाली. "बसनं गेले तर बस मला घेऊन जाईल. मला माझं मी जायचंय." दोघींनी रजा टाकली, ओढण्या तोंडाला घट्ट बांधल्या आणि सकाळी निघालो. ती चालवत होती, मी मागं पिशवी धरून. शेतांत ज्वारी निसवली होती, करडई पिवळी झाली होती. अहमदपूरला चहासाठी थांबलो तेव्हा हॉटेलवाल्यानं विचारलं, "मॅडम, एवढ्या लांब कुठं निघालात?"

"गाण्याच्या कार्यक्रमाला," ती म्हणाली.

"भजन हाय का कव्वाली?"

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि दोघींना हसू आवरेना. तो बिचारा तसाच कप घेऊन उभा राहिला.

अहमदपूरच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं. एका बाजूला मुरूम टाकलेला आणि त्यावर मोठा रोलर. साधा नव्हे, थरथरत चालणारा. आम्ही जवळ गेलो तसा खालचा रस्ता हलायला लागला. तिनं ब्रेक दाबला. स्कूटर बाजूला घेतली, स्टँडवर लावली आणि तिथंच धुळीत खाली बसली, दोन्ही तळवे जमिनीला टेकून. कामावरच्या बाया आमच्याकडं बघायला लागल्या. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"परत फिरू," मी म्हटलं. "एवढं झालं ते खूप झालं."

तिनं नकाराची मान हलवली. रोलर आमच्या अंगावरून गेल्यासारखा शेजारून गेला, पुढं जाऊन वळला आणि परत आला. ती तशीच बसून राहिली. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा तिनं हात उचलले आणि झटकले. उभी राहिली. एका बाईनं कळशीतून पाणी दिलं ते प्याली, आणि मला म्हणाली, "बस मागं."

"तुला चालवायला होईल?"

"न चालवायला काय झालं?"

लोहा गाव येईपर्यंत ती स्कूटर सावकाश चालवत राहिली. मी मागून तिच्या कमरेला धरून बसले होते आणि तिचा श्वास हळूहळू सरळ होताना मला हाताला कळत होतं.

दुपार कलल्यावर आम्ही विष्णुपुरीला पोचलो. भाऊ गेटवर वाट बघत होता. वर्कशॉप म्हणजे लांबच लांब शेड, वर पत्रे, पत्र्यांत मधेमधे उजेडासाठी काचा. लेथ मशीन एका बाजूला सारून त्यांवर ताडपत्री टाकली होती. तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास होता. मोकळ्या जागेत पोरांनी पिंपं मांडली होती, दोरीनं पत्रे टांगले होते, आणि दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच काळे स्पीकर. भावानं दारापाशी दोन खुर्च्या ठेवल्या होत्या, केव्हाही बाहेर पडता यावं म्हणून. तिनं तिची खुर्ची उचलली आणि पुढं नेऊन स्पीकरच्या समोर ठेवली. नंतर ती खुर्चीवर बसलीच नाही, खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

कार्यक्रम सुरू झाला. मी आयुष्यात असा आवाज ऐकला नव्हता. आधी नुसतीच घरघर, कानाला नाही तर पायाला ऐकू येणारी. मग पिंपावर घाव, मग पत्रा, आणि ग्राइंडर लोखंडाला लागला तशा ठिणग्या उडाल्या. वरचे पत्रे कडकडायला लागले. माझ्या दातांत तो आवाज शिरला. खरं सांगते, मीच बाहेर पळाले. निंबाच्या झाडाखाली उभी राहून मी दारातून आत बघत होते. पोरांच्या गर्दीत तिची पाठ दिसत होती. ती हलली नाही. एकदा तिनं ओढणी कानांवर घेतली, लगेच काढली.

आणि मधेच सगळं थांबलं. लोड वाढला होता, मेन स्विच पडला. एका क्षणात घरघर नाही, ठेका नाही, काहीच नाही. गर्दीसुद्धा गप्प झाली.

मी पाहिलं, ती खाली बसत होती.

मी धावत आत गेले. ती खुर्चीचा पाय धरून फरशीवर बसली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी तिला जवळ घेतलं. ती माझ्या कानाशी म्हणाली, "असंच झालं होतं गं. आवाज थांबला अन् मग कुणाचाच आवाज न्हाई. मी आईला हाका मारल्या. मला वाटलं मी एकटीच उरले. मी आवाजाला भीत न्हाई. ह्याला भिते."

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अरे फ्यूज गेला का बघा रे." दुसऱ्यानं शिट्टी मारली. कुणी टेस्टर मागत होतं, कुणी कुणाला ढकलत होतं, एक जण म्हणाला की याच्यापेक्षा आमच्या कंधारची गिरणी बरी, आणि सगळी शेड हसली. ती मान वर करून ऐकत होती. एकेक आवाज जणू ती मोजून घेत होती. हळूहळू तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

भाऊ धावत आला. तिची अवस्था बघून घाबरला. "ताई, बंद करतो आम्ही. बास झालं तेवढं."

"कामून बंद? लाईट आली की लावा. मी लातूरहून आले."

लाईट आली. घरघर पुन्हा चालू झाली. या वेळी मीही थांबले, तिच्या शेजारी, कानांत ओढणीचे बोळे घालून. तिनं माझा हात धरला होता, पण तो तिच्यासाठी की माझ्यासाठी हे मला सांगता येणार नाही. शेवटी शेवटी ती पायानं ठेका धरून राहिली होती. कार्यक्रम संपला आणि पुन्हा शांत झालं तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. मग टाळ्या सुरू झाल्या. तिनं डोळे उघडले आणि सगळ्यांत शेवटपर्यंत टाळ्या वाजवल्या.

रात्री आमच्या नांदेडच्या घरी मुक्काम केला. आईनं ताट वाढताना विचारलं, "गाणं कसं होतं गं?"

"गाणं न्हवतं काकू," ती म्हणाली. "पण चांगलं होतं." आणि तिसऱ्यांदा भात मागून घेतला.

जूनमध्ये नव्या बिल्डिंगमध्ये तिनं तिसऱ्या मजल्यावरची बॅच घेतली. सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. ट्रक गेला की अजूनही तिचा हात भिंतीकडं जायचा. दुसऱ्याच आठवड्यात मागच्या प्लॉटवर बोअरची गाडी लागली. मी तेव्हा शेजारच्या वर्गाबाहेर होते. मशीन सुरू झालं आणि आतला तिचा आवाज थांबला. मी दारात गेले. फळ्यावर तळवा टेकून ती उभी होती. सगळी मुलं तिच्याकडं बघत होती.

"जरा थांबू," ती त्यांना म्हणाली. "मला या आवाजाचा त्रास होतो. माझं गाव भूकंपातलं हाय. मशीन बंद झालं की एकमेकांशी बोलायला लागा, गप्प बसू नका."

मशीन थांबलं. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, आमचं पण गाव तिकडंच हाय." दुसऱ्या बाजूनं एक मुलगा म्हणाला, "माझ्या मामाचं." आणि मग वर्गात एकच कलकलाट झाला, कुणाचं कोण, कुठलं गाव, जुनं कुठं होतं, नवं कुठं वसलं.

त्या दिवशी तिचा तास उशिरा सुटला. त्याच वर्गात तिच्यामागं माझा तास होता, म्हणून मी पुस्तकं घेऊन जिन्यात बसून राहिले.