बाबा माझे प्रयुक्त झाले

बारावीनंतर मी मानसशास्त्र घेतलं त्याचं खरं कारण पंखा आहे. अमरावतीच्या त्या लहानशा कॉलेजात प्रवेशाच्या दिवशी हॉलमध्ये विषयवार टेबलं मांडली होती. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, सगळीकडे रांगा. जून संपत आला तरी उकाडा हटत नव्हता, आणि बरोबर पंख्याखाली असलेल्या टेबलासमोर कोणीच नव्हतं. तिथे एक मॅडम वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. मी इतिहासाची रांग सोडून जरा वेळ वाऱ्याला उभी राहिले, पुन्हा रांगेत गेले, पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मॅडमनी विचारलं, की तुला नेमकं काय हवंय. मी खरं ते सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माणूस कुठे जाऊन उभा राहतो आणि का, हेच आम्ही शिकवतो. बस."

मी बसले आणि फॉर्म भरला.

बाबा बाहेर कडुलिंबाखाली माझ्या कागदांची पिशवी छातीशी धरून उभे होते. आमची हिवरखेडला शेती आहे, आणि मी नर्सिंगला जावं असं त्यांच्या मनात होतं. विषय ऐकून ते बसस्टँडकडे चालू लागले. बस अकोटला पोचली. मग म्हणाले, "येड्यायच्या दवाखान्यात काम करा लागते काय त्याच्यात?" मी म्हटलं, मले नाई माहीत. "बरं," एवढं म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

बाबांचा स्वभावच तसा. घरी त्यांचं बोलणं पाणी, वावर आणि विजेची लाइन कधी येते यावरचं. रागावत नसत, लाडही करत नसत. त्यांना काय वाटतं हा प्रश्न आमच्या घरात कधी निघालाच नव्हता.

आमच्या वर्गात आम्ही सहाजण होतो. चार मुली, दोन मुलं. मॅडम बाकं गोल करायला लावायच्या आणि स्वतः त्या गोलात बसायच्या. एखाद्याने जांभई दिली की तोच त्या दिवसाचा धडा व्हायचा. अचलपूरची एक मुलगी पहिल्याच आठवड्यात माझी मैत्रीण झाली, कारण आम्ही दोघी भराभर बोलताना मॅडमच्या तोंडावर "मले" आणि "तुले" म्हणून गेलो होतो आणि दोघींनी एकदम जीभ चावली होती. मॅडम म्हणाल्या, ज्या भाषेत भांडता त्याच भाषेत विचार करा, उत्तरपत्रिकेचं नंतर बघू.

गावाकडे मात्र पंचाईत. दिवाळीला घरी गेले की ओट्यावर बसलेलं कोणीतरी म्हणणारच, "माह्या मनात काय हाय सांग बरं." पहिल्या वर्षी मी समजावून सांगायची, की आम्ही मन वाचत नाही, वर्तनाचा अभ्यास करतो. दुसऱ्या वर्षी मी नुसतं डोळ्यात बघून सांगायला लागले, "भूक लागली तुमाले." जेवणाच्या आधीची वेळ असल्यामुळे ते बहुतेकदा खरं निघायचं. माझा गावात चांगलाच दबदबा झाला.

सगळ्यात आवडायचं ते प्रॅक्टिकल. आमची प्रयोगशाळा म्हणजे दोन कपाटं आणि आठ टेबलांची एक खोली. प्रयोग करणारा तो प्रयोगकर्ता, आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तो प्रयुक्त. प्रत्येक प्रयोगाला नवा माणूस लागायचा, कारण एकदा करून झालेल्याला युक्ती कळलेली असते. पहिली दोन वर्षं मी प्रयुक्त शोधत अमरावतीभर हिंडले. हॉस्टेलच्या मुली झाल्या, त्यांच्या भेटीला आलेल्या मावश्या झाल्या, झेरॉक्सवाले दादा झाले. मेसच्या काकूंनी पोळ्या लाटता लाटता माझ्या यादीतले वीसपैकी सतरा शब्द पाठ म्हणून दाखवले आणि वर विचारलं, की हे शिकायला एवढ्या लांबून आलीस का.

याचा परिणाम असा झाला, की तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला माझ्या ओळखीत एकही कोरा माणूस उरला नाही. आणि शेवटच्या परीक्षेला नियम असा, की प्रत्येकाने बाहेरचा, कधीही प्रयोगाला न बसलेला प्रयुक्त सोबत आणायचा. मोठ्या मुश्किलीने हॉस्टेलात नवीन आलेली तिवस्याची एक मुलगी मी ठरवून ठेवली होती. परीक्षेच्या आदल्या दुपारी तिच्या बहिणीचा साखरपुडा ठरल्याचा फोन आला आणि ती बॅग भरून निघून गेली.

मी रडकुंडीला येऊन घरी फोन लावला. आईने सांगितलं, की बाबा उद्या तसेही अमरावतीला येणार आहेत, स्प्रिंकलरचे पाइप बघायला. मी म्हटलं, बाबांना फोन दे. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "माहं डोस्कं तपासतील काय थे?" मी म्हटलं, डोकं नाही, हात. ते म्हणाले, मग येतो.

सकाळी दहाला ते कॉलेजच्या फाटकाशी उभे होते. ताजी दाढी केलेली, पांढरा सदरा, खांद्यावर घडीचा दुपट्टा. माझ्या मैत्रिणीने वाकून नमस्कार केला तर ते दोन पावलं मागे सरले.

कोणता प्रयोग करायचा ते चिठ्ठी उचलून ठरायचं. मला आरशाचा प्रयोग आला. यात कागदावर दुहेरी रेघांचा एक तारा छापलेला असतो. त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवत पूर्ण फेरी मारायची, पण हात आणि कागद फळीच्या आड झाकलेले असतात. दिसतं ते फक्त समोरच्या आरशात, म्हणजे उलटं. पेन्सिल रेघेला लागली की एक चूक. अशा दहा फेऱ्या. पहिल्या फेरीत माणसाची पेन्सिल कोपऱ्यावर जी अडकते ती निघता निघत नाही. माझी मैत्रीण पहिल्यांदा करताना इतकी चिडली होती, की तिने पेन्सिलच मोडली होती. हळूहळू हाताला सवय होते, चुका कमी होत जातात, आणि त्याचा उतरता आलेख काढायचा. प्रयोगाचा सारा मुद्दा त्या उतारात.

मी सूचना वाचायला सुरुवात केली. त्या छापील भाषेतच वाचाव्या लागत. "आपण आरामात बसा. मी 'सुरू' म्हटल्यावर आपण आरशात पाहून..." "आपण" ऐकल्यावर बाबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि ताठ बसले.

पहिल्या कोपऱ्यावर त्यांची पेन्सिल थांबली. मी चुका मोजायला सज्ज होते. ते क्षणभर आरशाकडे रोखून बघत राहिले, ओठ जरासे हलले, आणि मग पेन्सिल निघाली ती सरळ कोपरा वळून पुढे. पुढच्या कोपऱ्यावर थोडी रेघेला घासली. फेरी संपली तेव्हा चुका दोन. दुसऱ्या फेरीत एक. पुढे कधी एक, कधी शून्य. माझा आलेख काढून झाला तेव्हा तो गव्हाच्या वाफ्यासारखा सपाट होता.

शेजारच्या टेबलावरून मैत्रिणीने ते पाहिलं आणि हळूच म्हणाली, की पहिल्या तीन फेऱ्यांमध्ये आकडे वाढवून लिही, नाहीतर बाहेरून आलेले सर तुला सोडणार नाहीत. मलाही मोह झाला. खोडरबर समोरच होतं. पण बाबा अजून माझ्या समोर बसलेले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून, आणि त्यांनी केलेलं काम मी त्यांच्या देखत बिघडवून दाखवायचं हे मला जमेना. दोन चुका झाल्या होत्या, दोनच ठेवल्या.

परीक्षक सर नागपूरकडचे, वयस्क, चष्मा कपाळावर चढवून वाचणारे. त्यांनी आलेख पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, की घरी सराव करून घेतलास का यांचा. मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि मला सांगितलं, की प्रयुक्ताचं निवेदन माझ्यासमोर घे. प्रयोगाच्या शेवटी प्रयुक्ताला त्याचा अनुभव विचारून लिहून घ्यायचा असतो. एरवी आम्ही त्यात "मजा आली" किंवा "कंटाळा आला" असं काहीतरी उरकून टाकायचो.

मी वही उघडली आणि बाबांना विचारलं, "प्रयोग करताना तुमाले काय वाटलं?"

ते आधी सरांकडे, मग माझ्याकडे बघत म्हणाले, "पयल्या कोन्यात पेन्सिल उलटी जाऊन राह्यली होती. मंग ध्यानात आलं, हे तर ट्रॉली मांगं घ्यासारखं हाय."

सरांना कळलं नाही. तेव्हा बाबांनी टेबलावरची माझी कंपासपेटी घेतली, तिच्यामागे खोडरबर लावलं आणि समजावून सांगितलं. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून मागे घेताना स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रॉली डावीकडे जाते. डोळ्याला जे वाटतं त्याच्या उलट हात चालवावा लागतो. हे ते वीस-बावीस वर्षं करत आले होते.

सर पुढे वाकले. हे शिकायला किती दिवस लागले, असं त्यांनी विचारलं. आणि मग बाबांनी जे सांगितलं ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. नवा ट्रॅक्टर आला त्या वर्षी अकोटला जिनिंग कारखान्याच्या आवारात कापसाने भरलेली ट्रॉली मागे घेताना त्यांनी फाटकाचा खांब पाडला. रांगेतले सगळे हसले. कोणीतरी दुसऱ्याने ट्रॉली लावून दिली. बाबा घरी आले आणि दोन दिवस नीट जेवले नाहीत. त्यानंतर महिनाभर ते पहाटे रिकामी ट्रॉली घेऊन पडीत वावरात जायचे आणि कोणी उठायच्या आत सराव करून परत यायचे. आईला सांगायचे, पाणी बघायला गेलो होतो.

मी सगळं लिहून घेतलं. सर म्हणाले, पुढचा प्रश्न विचार. पुढचा प्रश्न छापीलच होता, की आपल्याला आणखी काही सांगायचं आहे का.

 "भेव वाटलं," बाबा म्हणाले. "मी चुकलो तर तुहे मार्क कमी होतील म्हून." मग दुपट्ट्याने तोंड पुसून म्हणाले, "अन् असं कोनी इचारलं नोतं मले आजलोक, तुमाले काय वाटलं म्हून. बरं वाटलं."

मी ते शब्द तसेच लिहिले, "नोतं" आणि "आजलोक"सकट. सरांनी वही हातात घेऊन वाचलं आणि सांगितलं, यातलं काही शुद्ध करू नकोस. मग त्यांनी मला विचारलं, एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडतं त्याला काय म्हणतात. मी म्हटलं, अध्ययन संक्रमण. उदाहरण? पुस्तकात सायकल आणि स्कूटरचं उदाहरण होतं आणि मला ते तोंडपाठ होतं. मी बाबांकडे बोट दाखवलं. सर मोठ्याने हसले, आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या आमच्या मॅडमही.

परीक्षा संपल्यावर आम्ही राजकमल चौकाकडे गेलो आणि उभ्याने दही-चटणीत भिजवलेला गिलावडा खाल्ला. बाबांनी दुसरी प्लेट मागवली. खाता खाता विचारायला लागले, की आणखी कोणकोणते प्रयोग असतात. मी शब्दांच्या यादीचा सांगितला, चक्रव्यूहाचा सांगितला, सारख्याच लांबीच्या दोन रेघा लहानमोठ्या दिसतात तो सांगितला. तीन वर्षांत त्यांनी माझ्या अभ्यासाबद्दल विचारलेलं हे पहिलंच. बसस्टँडपर्यंत ते विचारत राहिले आणि मी सांगत राहिले, आणि बस सुरू झाल्यावर त्यांना आठवलं, की पाइप बघायचे राहिले. खिडकीतून हात हलवून ते म्हणाले, परत येईन.

त्या उन्हाळ्यात मी घरी गेले तर त्यांनी दाढीचा आरसा अंगणात खाटेला टेकवून ठेवला होता आणि पुठ्ठ्याचा आडोसा केला होता. गावातले ट्रॅक्टरवाले एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. ट्रॅक्टरवाले बरे निघतात का, हे त्यांना तपासायचं होतं. बहुतेक निघाले. आईने मात्र तारा असा काही काढला, की त्याचं वांगं झालं, आणि ती म्हणाली आरसाच वाकडा आहे. बाबांनी तेही लिहून घेतलं.

पदवीनंतर मी एम.ए. केलं आणि आता अकोल्याला एका शाळेत समुपदेशक आहे. माझ्या खोलीबाहेर पालकांसाठी एक बाक आहे. बाबा कामानिमित्त अकोल्याला आले की मला भेटायला येतात आणि माझं काम संपेपर्यंत त्या बाकावर बसतात. परवा एक आजोबा नातवाबद्दल बोलायला आत आले. खुर्चीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि जरा संकोचून म्हणाले, "मॅडम, बाहेर थे दुपट्टेवाले भाऊ बसले हायेत ना, त्यायले सारं सांगून झालं. आता तुमाले पह्यल्यापासून सांगू का अर्ध्यातून?"

मी म्हटलं, पहिल्यापासून सांगा.