देशी कॉइल आणि कळंबची शाळा

उमरग्याहून कळंबला जायचं कसं, असं परवा एका वाचक मुलीनं विचारलं. तिला रस्ता सांगितला खरा, पण माझ्या मनात दुसराच रस्ता सुरू झाला. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाचा, निम्मा खडीचा नि निम्मा फुफाट्याचा.

मला कळंबच्या शाळेत मास्तरणीची नेमणूक मिळाली होती. टपाल गावोगाव हिंडून आलं, आणि हजर व्हायची मुदत होती दुसऱ्याच दिवशी शाळा सुटेपर्यंत. नाही पोचले तर यादीतल्या पुढच्या माणसाला जागा. एसटीनं धाराशिवला गाडी बदलून जाईपर्यंत संध्याकाळ झाली असती. म्हणून अण्णांनी, माझ्या वडिलांनी, महबूबचाचांची जीप सांगितली. चाचा आमच्याच गल्लीत राहायचे. मिलिटरीच्या लिलावातली पेट्रोलची जीप भाड्यानं चालवायचे.

आणि नेमकी त्याच दुपारी जीप बसली. कॉइल गेली होती. कॉइल म्हणजे बॅटरीच्या विजेचा जोर वाढवून इंजिनात ठिणगी पाडणारा लोटीएवढा डबा. तो मेला की गाडी म्हणजे नुसतं लोखंड.

"असली कंपनीची हैदराबादवरनं मागवावी लागती, अण्णासाब," चाचा म्हणाले. "आठ दिस तरी जातील, आन् किंमत बी लई. हायवेच्या दुकानात देशी हाय, चौथाई दामात. असली येईस्तोवर चालंल."

"चालंल, का चालंल असं वाटंल?" अण्णांनी विचारलं. अण्णा तहसीलीत कारकून. स्वस्त वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता आणि महाग परवडत नव्हती, त्यामुळे आमच्या घरात वस्तूच फार नव्हत्या.

"लावा चाचा," मी म्हणाले. मला कुणी विचारलं नव्हतं, पण नोकरी माझी होती.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना निघालो. दिवाळी सरलेली, दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेला आलेली. नळदुर्गला टपरीवर चहा घेतला. तिथून किल्ल्याचा तट दिसतो, तुम्ही गेलात तर उतरून बघा. आम्ही उतरलो नाही. जीप सुरेख चालली होती, तरी अण्णा सगळी वाट मान तिरकी करून इंजिनच ऐकत होते.

तुळजापूरला मात्र उतरावंच लागलं. पहिल्या नोकरीवर निघालेली मुलगी देवीला हात न जोडता पुढं गेली असती तर मावशीनं जन्मभर ऐकवलं असतं. मावशीचं सासर तिथल्याच पुजाऱ्याचं. दर्शन झालं, धपाटे नि दही झालं, आणि माझा जीव वर-खाली होत असताना ती ताट घेऊन जीपपाशी आली.

"नवी वस्तू बसवलीय म्हणं. कुठली ती दावा. पूजा त्या वस्तूची व्हायला पायजे, पत्र्याची न्हाय."

चाचांनी अदबीनं बॉनेट उघडलं. मावशीनं कॉइलला पाण्यानं कालवलेलं हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी वरून सोडलं. "आता बघ कशी पळती," म्हणाली.

पळाली, पण थोडी. धाराशिव जवळ आलं तशी जीप ठसकू लागली आणि गावाच्या अलीकडं गप्प झाली. चाचांनी कॉइलला हात लावला.

"तापली. देशी मालाचं हेच ऱ्हातंय."

अण्णांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं. ते बोलले असते तर बरं झालं असतं. चाचांनी कॉइलला ओलं फडकं गुंडाळलं. बराच वेळ थांबल्यावर जीप चालू झाली. म्हणजे रोग बरोबर ओळखला, असं आम्हाला वाटलं. मग काय, फडकं वाळेल तसं त्यावर पाणी ओतायचं काम माझ्याकडं. धाराशिवचे गुलाबजाम नावाजलेले आहेत, असं मी पुष्कळांना सांगते. त्या दिवशी मी बाजाराकडं मान वळवूनही पाहिलं नाही.

तेरचा रस्ता धरला. वाटेत पुन्हा थांबली, पुन्हा पाणी. कशीबशी तेरणा नदी ओलांडली आणि तेर मागं पडल्यावर जी बसली ती उठेनाच. चाचा पुढून इंजिन फिरवायचं हँडल मारमारून घामाघूम झाले. बैलगाडीतून चाललेला एक म्हातारा देशी कॉइलचं ऐकून म्हणाला, "सस्तं घेतलं व्हय? मग बसा!"

अण्णांनी माझी पिशवी खाली घेतली. "तेरला परत चालत जाऊ. धाराशिवची एसटी मिळंल. घरी जाऊ, बाळ. तुझ्या नशिबी नव्हती नोकरी."

मला इतका संताप आला की रडूसुद्धा आलं नाही. "तुम्ही जा. मी कळंबला चालत जाईन," मी म्हणाले. चालत पोचणं शक्य नव्हतं हे मला ठाऊक होतं.

"थांब बेटी," चाचा म्हणाले. "ठिणगी पडती का मरती ते तर बघू. उन्हात दिसत न्हाय. चादर धर वरनं."

मी बॉनेटवर चादर धरली आणि चाचांनी नि मी आत डोकी घातली. बाहेर अण्णांनी हँडल मारलं. चाचा इंजिनाकडच्या तारेकडं टक लावून होते. मी कॉइलकडं पाहत होते, कारण माझा सगळा राग तिच्यावर होता. तिच्या तोंडाशी लावलेल्या कुंकवावरून निळ्या बारीक रेघा वळवळत खाली पळत होत्या.

"चाचा, ठिणगी इथं आहे!"

चाचांनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. कॉइल तापल्यानं काही बिघडलं नव्हतं. वीज त्या ओल्या हळदीकुंकवावरून बाहेरच्या बाहेर गळत होती. थांबलो की ते थोडं वाळायचं नि जीप चालू व्हायची, आणि आम्ही धाराशिवपासून कॉइलवर आणखी पाणी ओतत होतो!

"पुसा की मग," मी म्हणाले.

चाचांचा हात थांबला. "देवीचं हाय ते, बेटी. म्या कसं पुसू?"

खरं सांगते, माझाही हात पुढं झाला नाही. सूर्य कललेला, शाळा सुटायला आलेली, आणि आम्ही दोघं चिमूटभर कुंकवापुढं हात बांधून उभे.

अण्णा पुढं आले. चादर बाजूला केली, कॉइलवरचं कुंकू बोटानं निपटून माझ्या कपाळाला लावलं. मग ओलं फडकं सोडून टाकलं, खांद्यावरचं नवं उपरणं काढलं आणि कॉइल, तिचं तोंड, तारा, सगळं कोरडं ठक्क पुसलं. "मार हँडल, महबूब," म्हणाले.

जीपनं पहिल्याच हँडलला दाद दिली. ढोकीवरून कळंबपर्यंत चाचांनी ती कुठंच थांबवली नाही.

शाळेत शेवटचा तास चालू होता. हेडमास्तरांनी माझं धुळीचं तोंड आणि कपाळ पाहिलं आणि रजिस्टर पुढं सरकवलं. "पुरुष शिक्षक मिळेपर्यंत तात्पुरतं समजा, बाई." मी सही केली. अक्षर चांगलं आलं.

संक्रांतीच्या सुट्टीत चाचांच्याच जीपनं घरी आले. तुळजापूरला मावशी ताट घेऊन आली तशी चाचा घाईनं म्हणाले, "मावशी, आज ष्टेरिंगला लावा!" पुढं वाटेत मी विचारलं, असली कॉइल आली का. "मागवलीच न्हाय," ते म्हणाले. ती देशी कॉइल त्या जीपमध्ये शेवटपर्यंत राहिली. कळंबला पुरुष शिक्षकही कुणी आला नाही, आणि मी त्याच शाळेतून निवृत्त झाले.

त्या संक्रांतीला अण्णा दारातच उभे होते. खांद्यावर तेच उपरणं, धुऊनही न गेलेल्या हळदीच्या डागांसकट.

"चालतंय का शाळेत?" त्यांनी विचारलं. "का चालतंय असं वाटतंय?"

"चालतंय, अण्णा."

त्यांनी माझी पिशवी हातात घेतली. या वेळी आत न्यायला.