उजळलेली मामी

मामी रोज सकाळी स्वप्न सांगायची. चहाचा कप हातात आला की डोळे मिटायची आणि सुरू व्हायची, "आज काय झालं माईत हाय का पोरी..." त्या स्वप्नांना शेंडाबुडखा नसे, पण ती ऐकल्याशिवाय आमच्या घरात दिवस उगवत नसे. मामाही दाढीचा साबण गालावर वाळवत ऐकत उभा राहायचा.

मी डोणगावची. कॉलेजसाठी चिखलीला मामा-मामीकडे आले, ती कॉलेज संपल्यावरही लग्न होईपर्यंत तिथेच राहिले. पुढच्या खोलीत मामीचं ब्युटी पार्लर होतं. ती स्वतः काळीसावळी आणि अंगानं इतकी भरलेली, की ती उठली की खुर्चीही सोबत उठायची. बायका गोरं व्हायला येत. मामी लेप फासत म्हणायची, "गोरेपण विकणारीच काळी हाय, तरी येता. कमाल हाय तुमची बी!" बायका हसायच्या आणि लेपाला तडे जायचे.

तेव्हाच्या स्वप्नांत मामी कुठे ना कुठे अडकलेली असायची. जीपच्या दारात, झोक्यात, विहिरीच्या पायऱ्यांवर. मग गुडघे गेले, साखर वाढली, उभं राहून भुवया कोरणं होईना. शेवटी संभाजीनगरला जाऊन तिनं पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं. गोळ्या जन्मभर घ्यायच्या आणि रक्त तपासत राहायचं, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. दोनेक वर्षं तिनं ऐकलं. वजन उतरलं, साखर उतरली, आणि गोळ्यांचा डबा फ्रिजवर मागे मागे सरकत गेला. मामानं आठवण केली तर म्हणायची, "बिमारी गेली. आता दवाई कायची खाऊ?"

काही वर्षं गेली आणि मामी उजळली. हळूहळू, पण गल्लीच्या नजरेत भरेल इतकी. "कोणती क्रीम लावता हो?" म्हणत बायकांची रीघ लागली. आम्हीही खूश होतो. तिची स्वप्नंही बदलली. "मार्केटातल्या कापसाच्या गंजीवरून मी तरंगत जाऊन राह्यली होती. पाय जमिनीले लागतच नव्हते." दिवसाही ती तशीच चालायची, भिंतीला बोटं टेकवत, मधेच थांबत. मला ती फार सुंदर दिसायची.

त्या दुपारी अजून माझ्या डोळ्यांपुढे येतात. पडदा ओढलेला, गुलाबपाण्याचा वास, संथ पंखा, आणि गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावर फिरवायचा बर्फ कडाकडा चावत बसलेली मामी.

"मामी, बर्फ काऊन खाऊन राह्यली?"

"डोहाळे लागले मले," म्हणून ती अर्धवट झोपेतच हसायची.

एका दुपारी ती एका नवरीच्या भुवया कोरत होती. दोऱ्याचं टोक तिच्या दातांत होतं. एकाएकी पीळ सैल पडला आणि मामी, दोरीवरची ओढणी घसरावी तशी, हळूच फरशीवर उतरली. नवरी एकाच कोरलेल्या भुवईनं ओरडत रस्त्यावर धावली.

चौकातल्या डॉक्टरीणबाईंनी अंगठ्यानं मामीची खालची पापणी ओढली. आत लाली नव्हतीच, सगळं पांढरंफटक. मग पोटावरचे टाक्यांचे जुने व्रण त्यांना दिसले.

"हिचं पोटाचं ऑपरेशन झालंय का? आणि गोळ्या?"

ऑपरेशन झालंय आणि गोळ्या कधीच सुटल्यात, असं मामानं सांगितलं.

"अहो, त्या ऑपरेशननंतर जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. गोळ्या सोडल्या की रक्त कमी होत जातं, आणि कळतं ते वर्षांनी. हा गोरेपणा नाही, हिच्या अंगात रक्तच उरलं नाही. अजून उशीर केला असता तर हृदयानं दगा दिला असता." मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बर्फ खात होती का? लोह कमी झालं की तशी तल्लफ येते." मला रडूच फुटलं.

रक्त चढवलं, सलाइनमधून लोह दिलं. घरी आल्यावरही आम्ही कित्येक दिवस तिच्या चेहऱ्याकडे चोरून बघायचो. एका सकाळी ती आरशापुढून ओरडली, "झाली बापा मी काळी!" मामानं सगळ्या गल्लीत पेढे वाटले.

गोळ्यांचा डबा आरशापुढे आला. गोळीसोबत चहा चालत नाही म्हटल्यावर स्वप्नं लिंबूपाण्यावर सांगितली जाऊ लागली. आणि मामीला नवीच खोड लागली. कुणीही गोरं व्हायला आलं की म्हणायची, "लेप मंग. आधी डोया दाखव." मग पापणी खाली ओढून लाली बघायची. दोघीतिघींना तर तिनं तिथूनच दवाखान्यात पिटाळलं.

माझं लग्न नाशिककडे ठरलं. मीही मामीसारखीच सावळी. नवरी जरा उजळ दिसू द्या, असा सासरहून निरोप होता. मला सजवायला मामीच बसली. तिनं उजळ रंगाची डबी उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि मिटून टाकली.

"उजळपण पाह्यलं मी," ती म्हणाली. "लई हलकं असते ते. मानूस उडून जाते."

मग माझी हनुवटी धरून तिनं अंगठ्यानं पापणी खाली ओढली. नुकतंच भरलेलं काजळ पसरलं. तिचेही डोळे भरून आले होते, पण अंगठा काही हलेना.

"लाल हाय," ती म्हणाली. "अशीच जाय. अन् अशीच ये."