माहेर चटणीचा गाजावाजा

पहिल्याच दिवशी मला थोडं खटकलं होतं. जाहिरात एजन्सीत नोकरी लागली म्हणून सकाळीच मी यवतमाळच्या त्या गल्लीत पोचले, आणि एजन्सी काही सापडेना! पत्ता बरोबर, खालचं चष्म्याचं दुकान बरोबर, वर पाटी मात्र नाही. पाटीच्या जागी कुठल्याशा दादांच्या वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स. मी घाबरून गल्लीत चकरा मारायला लागले. शेवटी फ्लेक्सच्या बाजूने एक डोकं बाहेर आलं.

"पोरी, तूच का राळेगावची? ये वर. पाटी आहे, फ्लेक्सच्या मागं आहे."

ते डोकं म्हणजे आमचे मालक, नंदूभाऊ. वर गेल्यावर मी भीतभीत विचारलं, "सर, आपलीच पाटी झाकली?"

"मंग? इतकी मोक्याची जागा, अन् तिथं आपलंच नाव टांगून वाया घालवू?"

तेव्हा वाटलं, हा एखादाच प्रकार असेल. पण असे किस्से आमच्या माळ्यावरच्या जुन्या फ्लेक्ससारखे असतात. एक ओढायला जावं तर अख्खा गठ्ठा अंगावर येतो. मैत्रिणी भेटल्या की म्हणतात, "स्नेहल, ते चटणीचं सांग ना!" तर सांगते. फक्त मध्ये कोणी दार आपटू नका. मी दचकते.

* * *

चटणी घेऊन आल्या त्या वैशालीताई. घाटंजीतल्या सात जणींचा बचत गट, त्यांच्या या म्होरक्या. आल्या त्या सरळ टेबलावर जवसाच्या चटणीची पाकिटं मांडून बसल्या. नाव 'माहेर चटणी'. मी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि पुढचा चमचा कोणी न देताच घेतला.

नंदूभाऊ बोटांवर मोजायला लागले. "फ्लेक्स आहे, केबलची पट्टी आहे, गाडीच्या मागचा पत्रा आहे, रील आहे, भोंगा आहे. ताई, तुमच्या ब्रँडले कोणतं माध्यम पाह्यजे, ते आम्ही एकदम सायंटिफिक पद्धतीनं ठरवतो."

"थांबा भाऊ," वैशालीताई म्हणाल्या. "आधी मले हे सांगा, मी तुमच्याकडे कोणती जाहिरात पाहून आली?"

भाऊंची छाती फुगली. "कोणती?"

"कोणतीच नाई. माह्यी भाची खालच्या चष्म्याच्या दुकानात कामाले हाय."

भाऊ चहा सांगायला उठून गेले. मग ताईंनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "पाह्य माय, आमच्यातल्या दोघींचे नवरे रोज म्हणून राह्यले, बंद करा हा मिक्सरचा खडखडाट. संक्रांतीच्या आधीच्या घाटंजीच्या बाजारात चटणी खपली, तर गट राह्यला. नाई खपली, तर सात जणी सात घरी. मंग कोणी कोणाले विचारत नाई."

मी "हो ताई, खपेल" म्हणाले. कुठल्या तोंडाने म्हणाले, देव जाणे! तोंडात चटणी होती, तेवढंच.

* * *

पहिलं माध्यम फ्लेक्स. सातही जणींचा फोटो आणि वर मोठ्या अक्षरात, 'एकदा चव घ्याल, जन्मभर सोडणार नाही!' खाली माझा मोबाइल नंबर. हा फ्लेक्स नंदूभाऊंनी लावला फुलसावंगीच्या रस्त्यावर. चटणी घाटंजीची, मग फ्लेक्स तिकडे कशाला? तर तिथला खांब रिकामा होता. एवढंच ते सायंटिफिक कारण.

चार दिवसांत खांब पुन्हा रिकामा! फ्लेक्स गायब. पाचव्या दिवशी मला फोन आला. मागे बँडचा दणदणाट.

"मॅडम, चटणीच्या बोर्डावर नंबर हाय तो तुमचाच का?"

"हो... काका, काय झालं?"

"पोरीचं लग्न हाय. मंडपाचा मागचा पडदा फाटला, तर डेकोरेशनवाल्यानं तुमचा बोर्ड आणून लावला."

त्यांनी फोटो पाठवला. नवरानवरी हार घालून उभे, त्यांच्या मागे सात जणी ओळीने हसताहेत, आणि दोघांच्या डोक्यांवर कमानीसारखं लिहिलंय, 'एकदा चव घ्याल, जन्मभर सोडणार नाही!'

फ्लेक्स आमचा चोरीला गेलेला, पण माफी मीच मागितली. "काका, सॉरी! आम्ही लगेच काढून नेतो!"

"काढाले कोण म्हणून राह्यलं? फोटो झक्कास आले. पण पंगतीत पाव्हणे चटणी मागून राह्यले! बोर्ड लावला अन् चटणी नाई म्हून जावयाचा मामा रुसून बसला. पाकिटं धाडा पहिले!"

* * *

मग केबलची पट्टी. सिनेमाच्या खाली सरकत जाते ती. नंदूभाऊंनी केबलवाल्याला निक्षून सांगितलं, "मधात फुल्या-बिल्या काही टाकू नको, आपली पट्टी सलग पाह्यजे." त्याने सगळ्याच पट्ट्या सलग केल्या.

आम्ही तिघं ऑफिसच्या टीव्हीसमोर बसलो. पट्टी आली: 'घाटंजीची अस्सल गावरान माहेर चटणी चवीला खमंग रंगाने तांबडी डावं शिंग मोडलेलं गळ्यात घंटा मंगळवारपासून दिसत नाही कोणास आढळल्यास कळवावे.'

आमच्या पुढची पट्टी कोणाच्या तरी हरवलेल्या गाईची होती, आणि शेवटी नंबर दिसला तो माझा. मी हात जोडून डोळे मिटले. वैशालीताई शांतपणे म्हणाल्या, "आता कोणाचा फोन येते, पाहू."

आला ना! मी स्पीकरवर घेतला.

"मॅडम, तुमची चटणी सापडली. आमच्या वावरात तुरीत शिरली होती. बांधून ठेवली हाय."

मी चूक समजावून सांगायला सुरुवात केली, तर तो माणूस चिडला. "ते काही सांगू नका! मोठ्या मुश्किलीनं धरली. घेऊन जा आपली चटणी!"

* * *

काळीपिवळीचा किस्सा छोटा आहे. राळेगावच्या रूटवरच्या एका जीपच्या मागच्या दारावर आम्ही चटणी रंगवून घेतली. लाल मिरच्या, निळी जवसाची फुलं, फार देखणं काम. महिनाभर एकही फोन नाही. शेवटी मी स्वतः स्टँडवर जाऊन ती जीप पाहिली. दार सताड उघडं, दोरीने बाजूला बांधलेलं, आणि पायरीवर पाच जण लोंबकळलेले. जाहिरातीचं तोंड गाडीच्या बाजूच्या पत्र्याकडे.

"दादा, दार लावत जा ना!" मी विनवलं.

ड्रायव्हरने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "लावतो ना मॅडम. मंग ह्या पाच जणायले तुमच्या ऑफिसात बसवू का?"

पायरीवरचा एक जण तेवढ्यात म्हणाला, "चित्र मात्र चांगलं हाय. रात्री गाडी उभी राह्यली, दार लावलं, का दिसते."

* * *

रीलची आयडिया नंदूभाऊंच्या पुतणीची. आर्णीकडचा एक रीलस्टार होता. ट्रॅक्टरवर उभं राहून डायलॉग मारायचा आणि लोक वेडे व्हायचे. त्याला पाकीट दिलं. त्याने ट्रॅक्टरच्या बोनेटवर बसून, काळा गॉगल लावून, भाकरी नाही की काही नाही, नुसती मूठभर चटणी तोंडात टाकली. कोरडी चटणी! असा ठसका लागला, की गॉगल एकीकडे आणि हा एकीकडे. ट्रॅक्टरचं चाक धरून खोकतोय, डोळ्यांतून धारा, आणि तशातही अंगठा वर करून दाखवतोय!

मी रडायच्या बेतात. पण रील तुफान चाललं. मोबाइल तापेपर्यंत कॉमेंट्स. मी वैशालीताईंना फोन करून आनंदाने एकेक वाचून दाखवायला लागले. "भाऊ, ट्रॅक्टर कोणता?" "भाऊ, ॲव्हरेज काय देते?" "भाऊ, चालू हाय का उभाच हाय?" "टायर नवे दिसतात." मी हळूहळू वाचायचं थांबवलं.

तेवढ्यात एक ट्रॅक्टरचे डीलर स्वतः पायऱ्या चढून आले. "आमच्या मॉडेलची इतकी फर्मास जाहिरात कोणी केली?"

नंदूभाऊ छातीवर हात ठेवून उठले. "आम्हीच!"

वैशालीताई फोनवरच होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "स्नेहल, त्यायले म्हण, ट्रॅक्टरसंगं एक पाकीट फ्री द्या. आमचं तेवढंच होऊन जाईन."

* * *

आता बाजार जवळ आला. माध्यमं संपत आली, आणि ते लग्न अन् तो ठसका सोडला तर चटणीच्या नावाने कुठे काही ऐकू आलं नव्हतं. मीच म्हणाले, "सर, भोंगा लावू." म्हणजे आता फसलं असतं तर माझ्यामुळे फसलं असतं!

भोंग्याचा ऑटो रिजवानभाईंचा. शांत माणूस. वेल्डिंगचं दुकान सांभाळून हे काम करतात. रेकॉर्डिंगला आवाज माझाच ठरला, कारण तो फुकट होता. खिडकीला गोधड्या बांधल्या, मी कागद धरला आणि सुरू केलं, "घाटंजीकरांनो! बाजारात मोठ्या निंबाखाली या! माहेर चटणी खा, आणि एकच घास खाल्ल्यावर..."

तेवढ्यात गोधडीतून एक कबूतर फडफडत थेट माझ्या डोक्यावर!

"आई गंऽऽऽ!"

कागद उडाला, माईक पडला, मी टेबलाखाली. बाहेर आले, म्हटलं, "पुन्हा घेऊ या."

रिजवानभाई हेडफोन काढून म्हणाले, "नाही मॅडम! हेच ठेवा. एवढं तिखट तर कोणी ॲक्टिंगनं नाही दाखवू शकत."

नंदूभाऊंनीही तेच ठेवलं. कबुतराच्या पंखांचा आवाजसुद्धा!

* * *

आणि आता बाजाराचा दिवस.

आम्ही आठ जणी, त्या सात आणि मी, सकाळी पोती घेऊन मोठ्या निंबाखाली पोचलो. नंदूभाऊंनी ही जागा यवतमाळच्या खुर्चीत बसून निवडली होती. भर रस्त्यावर, सावली, चारी बाजूंनी गिऱ्हाईक. त्यांना एकच गोष्ट माहीत नव्हती. आठवडी बाजारात जागेवर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं, पण कोणती जागा कोणाची हे सगळ्यांना पाठ असतं. निंबाखाली एक म्हातारी बांगड्या, कंगवे, रिबिनी मांडून बसली होती.

"आजी, थोडं सरकता का?" मी विचारलं.

"काहून? हे झाड माह्या सासूपासून आमचं हाय. तुह्या सासूले विचार, तिचं कोणतं हाय!"

माझं लग्नही झालेलं नाही! पण वैशालीताईंनी मला मागे ओढलं. "चाल व. आजीची जागा हाय. ते बरोबर बोलून राह्यली." बाजार तोवर भरत आला होता. आम्हाला जागा मिळाली ती पार शेवटी, बकऱ्यांच्या बाजाराच्याही मागे. तिथे चटणी घ्यायला कोण येणार? बकऱ्यांची गिऱ्हाइकं बकऱ्यांचे दात पाहत होती.

आणि मग दूर भोंगा सुरू झाला. माझाच आवाज. "बाजारात मोठ्या निंबाखाली या!" मागोमाग, "आई गंऽऽऽ!"

सगळा बाजार निंबाखाली जाणार, आणि चटणी इथे बकऱ्यांमागे! पोत्यांवर बसलेल्या सात जणी माझ्याकडे पाहायला लागल्या. त्यातली एक पुटपुटली, "चला, उद्यापासून घरचा पाटा." वैशालीताई पोत्याची सुटलेली गाठ पुन्हा बांधायला लागल्या. तेच मला सहन होईना.

मी रिजवानभाईंना फोन लावला. त्यांच्याच मोबाइलमधून, वायरीशिवाय, भोंग्यावर माझी ती क्लिप वाजत होती. त्यांना फक्त एवढं सांगायचं होतं की ती बंद करा, तोंडाने नवी जागा सांगा. रिंग जात होती. त्यांनी उचलला नाही.

पण भोंगा थांबला! मला वाटलं, समजलं वाटतं त्यांना. तेवढ्यात बाजारावरून कुठलंसं तान्हं बाळ खदखदून हसलं. इतक्या जोरात की मी दोन पावलं मागे उडाले. बकऱ्याही.

"कोणाचं लेकरू हे?" एक बकरीवाला आभाळाकडे पाहून म्हणाला.

मी फोन ठेवला. बाळ गप्प. पुन्हा, "मोठ्या निंबाखाली या! आई गंऽऽऽ!" मी पुन्हा फोन लावला. माझं ओरडणं मध्येच तुटलं, आणि पुन्हा बाळाचं हसणं! आता लोक भाव करायचे थांबले होते. कोणी खिदळत होतं, एका बाईने कडेवरच्या पोराला घट्ट धरलं. मी लावतेय, तो वाजतोय, बाळ हसतंय, मी ठेवतेय, मी ओरडतेय, मी पुन्हा लावतेय. रिजवानभाई, उचला ना हो!

वैशालीताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "स्नेहल," त्या हळूच म्हणाल्या, "ते त्या ऑटोवाल्याच्या मोबाइलची रिंग हाय. आता ठेवू नको. वाजू दे."

मी डोळे मिटून फोन कानाशी दाबला. बाळ हसत राहिलं, हसत राहिलं, आणि मग एकदम थांबलं. कोणीतरी फोन उचलला होता. रिजवानभाई नव्हते. एका म्हातारीचा आवाज होता. भोंग्याचा माईक चालूच राहिलेला असावा, कारण माझ्या कानातही तोच, आणि निंबापासून बकऱ्यांपर्यंत अख्ख्या घाटंजीच्या बाजारावरही तोच:

"हॅलो! ऑटो इथी लावून ऑटोवाला गेला जेवाले! मोबाइलवर 'चटणी' नाव येऊन राह्यलं म्हून उचलला. कुठी जाऊन बसली व तू? सारा बाजार माह्या झाडाखाली उभा हाय चटणी मागत, मले बांगड्या विकू देईना! सांग लवकर, कुठी धाडू यायले?"