मेणाच्या बाईच्या गळ्यातून आलेलं रक्त

मेणाच्या बाईनं भर सभेत नवऱ्याला ओळखलं आणि तिच्या गळ्यातून रक्त आलं, अशी कुजबुज त्या वर्षी आमच्या बोलोन्या शहरात घरोघर होती. मारेकरी जवळ आला की प्रेत रक्त गाळतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. प्रेत मेणाचं होतं, एवढा बारीक विचार कोण करतो.

बाई घडवली होती मेणाचे पुतळे करणाऱ्या तिबुर्त्सिओनं, वैद्यशाळेत रक्त कसं फिरतं ते दाखवायला. भाता दाबला की तांबडं पाणी हृदयातून काचेच्या नळ्यांनी अंगभर फिरायचं आणि परत हृदयात यायचं. चेहरा त्यानं इस्पितळात वारलेल्या ओर्सोलाचा घेतला होता. उपासाआधीच्या कार्निव्हलच्या जत्रेत वैद्यशाळेचा हा खेळ सगळ्यांना खुला, माणसं मुखवटे घालून गर्दी करतात. ओर्सोलाचा नवरा प्रोस्पेरो सॉसेजवाला पुढे वाकला, त्यानं मुखवटा वर सारला, आणि बाईच्या गळ्यातून तांबडी धार लागली.

तिबुर्त्सिओला कारण तिथल्या तिथे कळलं. पण समोर सगळे प्राध्यापक बसलेले. त्यानं गळ्यावर फडकं टाकलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

पुढे ईस्टरपर्यंत उपासाचे दिवस, मांस वर्ज्य, तेव्हा सॉसेज तसंही कोणी घेत नाही. पण ईस्टर उलटला तरी प्रोस्पेरोकडे कुत्रं फिरकेना.

"मी सॉसेज पलीकडच्या गल्लीतून आणलंय हो," तिबुर्त्सिओची बायको ताट वाढताना म्हणाली. "तुमच्याच बाईनं पकडलं ना त्याला?"

त्यानं ताट बाजूला सारलं.

शेवटी प्रोस्पेरोच तिबुर्त्सिओच्या कारखान्यात आला. पार वाळला होता.

"तिबू, मी वैद्याला उशिरा बोलावलं रे. सणासाठी सॉसेजची भरणी चालू होती, म्हटलं उद्या बघू. तेच ओळखलं का तिनं?"

आपल्या गप्प बसण्यानं हा माणूस स्वतःलाच खुनी समजायला लागला, हे ऐकून तिबुर्त्सिओला जमिनीनं गिळलं असतं तर बरं वाटलं असतं.

"चल चौकात," तो म्हणाला. "तुला एकट्याला सांगून भागायचं नाही."

रविवारची प्रार्थना सुटली होती. चौकातल्या देवळाच्या पायऱ्यांवर त्यानं आपली चूक सगळ्यांना सांगितली.

"म्हणजे गावात सगळ्यात पक्कं काम आपलं, असं सांगत फिरणारे ते तुम्हीच का?" एका म्हातारीनं विचारलं.

"मीच, आजी."

हशा झाला. त्याचे कान लालबुंद झाले, पण तो हलला नाही.

चूक एवढीच: थंडीत मेण तडकू नये म्हणून त्यानं गळ्याच्या सांध्यात चरबी जास्त घातली होती. दिव्यांच्या धगीनं सांधा वितळला आणि नळी निसटली. ओर्सोला तापानं गेली होती.