टँकरचा आशीर्वाद

नवे फादर आमच्या धर्मग्रामात आले आणि पहिल्याच उपवासकाळात त्यांनी भारत देशाचा निकाल लावून टाकला. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. दिल्लीत लाच, मुंबईत काळा बाजार, सिनेमात उघडी अंगं, कचेऱ्यांत टेबलाखालून चालणारे हात. फादर एकेक पाप वेदीवरून खाली फेकत होते आणि आम्ही बाकांवर माना खाली घालून झेलत होतो. पापी नगरावर आकाशातून आग पडली, ती शास्त्रातली गोष्टही त्यांनी सांगितली. देवानं त्या नगरातला एकच भला माणूस आधी बाहेर काढला आणि मग बाकीच्यांची राख केली. ‘या देशाचा घडाही भरत आला आहे,’ असं ते म्हणाले तेव्हा बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. मी नववीत होते. मला दिल्लीबद्दल फार वाईट वाटलं.

आता कळतं, दिल्लीचं पाप सांगायला छाती लागत नाही. दिल्ली काही आमच्या मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, येत नव्हती. आमच्या मिस्सेला काका यायचे, पहिल्या बाकावर बसायचे, आणि देवळातले नवे पंखे त्यांनीच दिलेले होते.

काका म्हणजे बाबांचे सख्खे धाकटे भाऊ. आजोबांनी वाडी दोघांत वाटून दिली होती. वरच्या अंगाचा वाटा काकांचा, खाडीच्या बाजूचा आमचा. दोघांच्या वाडीत एकेक बावखल होतं, म्हणजे तळ्याएवढी रुंद विहीर. तिच्यावर पूर्वी रहाट चालायचा आणि आता पंप बसला होता. आमच्याकडे पानवेल होती. पानवेल ही फार लाडावलेली पोर. तिला ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही, आणि पाणी गोडच लागतं. बाबा दिवसभर तिच्या मागे असायचे. आई म्हणायची, “माझ्या मागं एवढं फिरलं असतं, तर मी पन चढली असती वर.”

त्या काळात विरारला इमारती उभ्या राहत होत्या, वालीवला कारखान्यांच्या शेड पडत होत्या, आणि पाणी कुठेच नव्हतं. काकांच्या बावखलात होतं. आधी एक टँकर आला, मग त्याच्यामागे चार आले. काकांनी वायरमनचा हात ओला करून जास्त ताकदीची मोटर बसवून घेतली. पंचायतीतले तोंड उघडणारे होते, त्यांची तोंडं दुसऱ्या मार्गानं बंद झाली. देशात जे जे चाललंय म्हणून फादर ओरडत होते, ते सगळं आमच्या कुंपणापलीकडे चाललं होतं. पण दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आणि आपल्या गावचं मुसळ पहिल्या बाकावर बसलेलं दिसत नाही.

बाबा एकदा कुंपणाशी जाऊन काकांना म्हणाले, “पानी देवाचा हाय. विकायचा नसते.”

काका हसले. “देव पानी देते दादा, गाडी नाय देत. गाडी माजी हाय.”

बाबा परत आले. आईला एवढंच म्हणाले, की देवाच्या काठीला आवाज नसतो. त्या दिवसापासून बाबा त्या काठीची वाट बघायला लागले. अगदी पोस्टमनची बघावी तशी. काकांची मोटर जळली तेव्हा बाबा दिवसभर खुशीत होते, जेवताना गुणगुणत होते. दुसऱ्या दिवशी काकांनी नवी मोटर आणली, आधीपेक्षा मोठी. पावसाळ्यात वादळ झालं तेव्हा बाबा दोनदा उठून काकांच्या वाडीकडे बघून आले. झाड पडलं ते आमच्या गोठ्यावर. काठीला आवाज नसतो हे खरंच. तिला नेमही नसतो, हे बाबांनी कधी कबूल केलं नाही.

मग दुसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी बाबा बावखलाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिलेले दिसले. त्यांनी आईला हाक मारली, ओंजळ तिच्यापुढे धरली आणि चाखायला सांगितलं. आई म्हणाली, “मचूळ लागते.” बाबा म्हणाले, “मना वाटलं, माझ्याच तोंडाची चव गेली.” महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या. वर काकांचा पंप जमिनीतलं गोडं पाणी ओढत होता, आणि रिकाम्या झालेल्या जागेत खाडी आत शिरत होती. आत शिरायला तिला पहिलं दार आमचंच होतं.

बाबा फादरांकडे गेले. मी बरोबर होते, पायरीवर उभी. बाबांनी मागितलं ते फार नव्हतं. आमच्यासाठी भांडा असं ते म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, की फादर, तुम्ही वेदीवरून देशाचं सगळं पाप सांगता, त्यात पाण्याचंही एक वाक्य सांगा.

फादरांनी बाबांना खुर्ची दिली, चहा दिला. मग म्हणाले, “विहीर त्यांची, जागा त्यांची. यात मी पाप कुठलं दाखवू? हा तुम्हां दोघा भावांचा घरचा प्रश्न आहे. प्रार्थना करा.”

बाबांनी चहा संपवला. उरलेला चहा टाकणं त्यांना जमत नसे. घरी येताना ते मला म्हणाले, फादर नवे आहेत, त्यांना वाडीतलं कळत नाही. कळेल तेव्हा बोलतील. मला बाबांची तेव्हा लाज वाटली आणि कीवही आली. माणसानं इतकं भोळं असू नये, देवाच्या बाबतीत तर नाहीच नाही.

त्याच सुमारास काकांनी स्वतःचा टँकर घेतला. आमच्यात नवी गाडी घेतली की फादरांकडून आशीर्वाद घ्यायची पद्धत आहे. टँकर गावच्या क्रूसापाशी उभा केला होता, म्हणजे आमच्या दारातच. झेंडूच्या माळा, पुढच्या काचेवर मोठ्या अक्षरांत ‘देवाची कृपा’, आतल्या आरशाला रोझरी. सगळा गाव जमला होता. फादरांनी गळ्यात स्टोला, म्हणजे विधीचा लांब पट्टा, घातला आणि लक्षात आलं की आशीर्वादाचं पाणी देवळातच राहिलं. ते म्हणाले, जवळच्या घरून एक तांब्या पाणी आणा, इथेच आशीर्वादित करतो. जवळचं घर आमचं होतं. आई उठायच्या आत बाबा उठले. ते माठाकडे गेले नाहीत. वाडीत गेले, आणि बावखलाच्या पायऱ्या उतरून पितळी तांब्या भरून घेऊन आले.

पाणी आशीर्वादित करताना त्यात चिमूटभर मीठ घालायचा जुना रिवाज आहे. आईनं कागदावर मीठ आणून दिलं. फादरांनी चिमूट घेतली, तेव्हा बाबा पुढे झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मीठ राहू द्या फादर. त्यात हाय.”

दोघेचौघे हसले. फादरांना वाटलं, चेष्टा आहे. बाबांनी तांब्या त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाले, “चाखा.”

फादरांनी बोट बुडवून जिभेला लावलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना कळलं. काय झालं, कोणामुळे झालं, सगळं त्या एका बोटात कळलं, हे मी शपथेवर सांगते. त्यांनी काकांकडे पाहिलं, माळांकडे पाहिलं, जमलेल्या गावाकडे पाहिलं. बाबा ताठ उभे होते. दोन उन्हाळे ज्याची वाट पाहिली तो न्याय आता या माणसाच्या तोंडून बाहेर पडणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

फादरांनी हातातली चिमूट पाण्यात सोडली आणि प्रार्थना सुरू केली.

मग त्यांनी ते पाणी टँकरवर शिंपडलं, चाकांवर शिंपडलं, आमच्यावरही शिंपडलं. माझ्या ओठावर थेंब पडला, तो खारट होता. सगळ्यांनी क्रूसाची खूण केली. बाबांनीही केली, सवयीनं. काकांनी वाटलेला केक आमच्या घरीही आला.

शास्त्रातलं ते नगर जळलं आणि भला माणूस वाचला. आमच्याकडे भला माणूस तेवढा भाजला आणि नगर मजेत राहिलं. मला फादरांचा राग आला, काकांचा आला, पण सगळ्यात जास्त देवाचा आला. तो अजून गेलेला नाही. मी मिस्सेला जाते, पण समेट झालेला नाही. देशावर कोप होणार असं आजही कोणी सांगू लागलं की मला विचारावंसं वाटतं: तो कोणाच्या वाडीत पडणार, तेवढं आधी सांगा.

पानवेल त्याच उन्हाळ्यात गेली. बाबांनी वेल उपटले नाहीत, उभेच वाळू दिले. पुढे पाणी तोंडातही धरवेना, तेव्हा काकांनी निरोप पाठवला, की दादाकडून पैसे घ्यायचे नाहीत, टँकर जाता-येता एक पिंप भरून देईल. बाबा म्हणाले, त्या पाण्याला कोणी शिवायचं नाही. आई काही दिवस लांबून हंडे वाहत राहिली. तिची कंबर धरली. मग एक दिवस तिनं पिंप दारात काढून ठेवलं आणि बाबांना म्हणाली, “तुमचा देव आन तुमचा भाव, दोगांचा काय ते तुमी बगा. मना भात शिजवायचा हाय.” टँकरवाल्यानं नळी सोडून पिंप भरलं.

दुपारी बाबा वाडीतून आले. करायला काम नव्हतं तरी जायचे. घामानं निथळत होते. पिंपाशी थांबले. आई चुलीपुढून हलली नाही, मीही पुस्तकातून मान वर काढली नाही. त्यांनी तांब्या बुडवला आणि उभ्याउभ्या, न थांबता, सगळा रिकामा केला. मग तोंड पुसलं.

“गोड हाय,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, कोणाकडेच न बघता: “आपलाच पानी हाय.”